लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे: स्वामित्वहक्काची ही मुदत कोणाच्या उपयोगाची?

प्रश्न | ग्रंथमित्र, मालवण तालुका

आमच्या गावच्या वाचनालयाच्या कामात उभा राहिलेला एक प्रश्न येथे मांडत आहे. तो जितका कायद्याचा आहे तितकाच न्यायाचाही आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वाचनालयात १९५८ साली प्रसिद्ध झालेले एक पुस्तक आहे. शेजारच्या गावातील एका प्राथमिक शिक्षकांनी किनाऱ्यावरच्या गाबीत मच्छीमारांच्या वाड्यांमध्ये अनेक वर्षे जाऊन-येऊन ते लिहिले. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) कशी लावतात आणि ओढतात, मिळालेल्या मासळीचे वाटे कोणत्या हिशेबाने पडतात, उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) तिथीवरून कसे ओळखतात, कोणत्या वाऱ्याला कोणत्या गावात काय म्हणतात, हे सारे त्यांनी सांगणाऱ्यांच्या तोंडच्या शब्दांत टिपून ठेवले आहे. सांगणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी आल्यापासून त्यातील बराचसा व्यवहारही मोडला. त्यामुळे या पुस्तकात जे आहे ते आता किनाऱ्यावर फिरून पुन्हा गोळा करता येईल, असे राहिलेले नाही.

आमच्याकडे त्याची एकच प्रत उरली आहे. शिवणीच्या तारा गंजून त्यांच्या भोवतीचा कागद तांबूस पडला आहे आणि बोट लागताच त्याचा भुगा होतो. कसरीने पुठ्ठ्यावरची खळ खाल्ली आहे. भरती-ओहोटीचा मोठा तक्ता घडी घालून शेवटी चिकटवलेला होता, तो घड्यांवरच फाटून त्याचे चार तुकडे झाले आहेत. कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या तरी आषाढ-श्रावणातल्या दमटपणापुढे त्यांचे फारसे चालत नाही.

हे पुस्तक स्कॅन करून सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवावे आणि थोड्या प्रती छापून आसपासच्या शाळांना द्याव्यात, असे वाचनालयाच्या कार्यकारिणीने ठरवले. तेव्हा कळले की लेखकांचे निधन १९८३ साली झाल्यामुळे स्वामित्वहक्क ३१ डिसेंबर २०४३ पर्यंत चालू राहणार आहे. म्हणजे जे पुस्तक १९५८ नंतर एकदाही पुन्हा छापले गेले नाही, त्याला ८५ वर्षांचे संरक्षण. गिरगावातील प्रकाशन संस्था केव्हाच बंद पडली. पुस्तकावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ एवढेच छापले आहे, पण कोणाच्या स्वाधीन ते लिहिलेले नाही. लेखकांना तीन मुलगे आणि एक मुलगी. त्यांपैकी दोघे वारले आणि नातवंडे मुंबई, बडोदा आणि परदेशात विखुरली आहेत. एका नातवाचा पत्ता लागला. त्यांनी आपुलकीने सांगितले, “माझी काहीच हरकत नाही, पण बाकीच्यांचे मी कसे सांगू?”

कोकणातल्या माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. सामायिक जमिनीच्या सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची नावे असतात आणि एका सहीसाठी बांध तसाच पडून राहतो, तशीच या पुस्तकाची गत आहे. फरक एवढाच की जमिनीला निदान सातबारा असतो. पुस्तकाच्या हक्काची नोंद ठेवणे मुळात सक्तीचेच नाही, त्यामुळे तलाठ्याकडे जावे तसे जाण्याचे ठिकाणही नाही.

माझे विचारणे असे आहे. लेखकाला लिहिण्याची उमेद मिळावी आणि त्याच्या कष्टाचा मोबदला त्यालाच मिळावा, हा या कायद्याचा हेतू मला मनापासून मान्य आहे. परंतु मृत्यूनंतर ६० वर्षे ही मुदत तो हेतू साधते का? आणि ज्या पुस्तकापासून कोणालाही एक पैसा मिळत नाही, ते कुलूपबंद राहण्यात नेमके कोणाचे हित आहे? तोवर आम्हाला कायद्याच्या आत राहून काय करता येईल, हेही जाणकारांनी सांगावे.


उत्तर | वकील, रत्नागिरी

आधी आपल्या हाती आज काय आहे ते सांगतो.

२०४३ ची तारीख आपण बरोबर काढली आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायद्याच्या कलम २२ नुसार लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजली जातात. मात्र त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये ग्रंथालयांसाठी दोन सवलती आहेत आणि गावोगावच्या वाचनालयांना त्यांची माहिती नसते, याची मला फार खंत वाटते. पहिली अशी की बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी ते पुस्तक डिजिटल स्वरूपात साठवून ठेवता येते. ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली. दुसरी अशी की जे पुस्तक भारतात विक्रीसाठी उपलब्ध नाही, त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती ग्रंथालयाच्या स्वतःच्या वापरासाठी काढता येतात. त्यामुळे स्कॅनिंग आपण उद्यासुद्धा सुरू करू शकता आणि त्यासाठी कोणाच्याही सहीची गरज नाही. पावसाळा तोंडावर येण्याची वाट पाहू नका. फक्त ती फाइल इंटरनेटवर ठेवता येणार नाही आणि शाळांना प्रतीही वाटता येणार नाहीत.

त्यासाठी कलम ३१-क आहे. लेखक मृत किंवा अज्ञात असेल, अथवा हक्काचा मालक सापडत नसेल, तर पुस्तक प्रसिद्ध करण्याचा परवाना मागता येतो. परवाना देताना रॉयल्टीची रक्कम ठरवली जाते आणि ती सरकारी खात्यात जमा करायची असते. पुढे वारस पुढे आले तर ते ती मागू शकतात. कल्पना न्याय्य आहे, पण वाट बिकट आहे. अर्ज करण्यापूर्वी आपला प्रस्ताव देशाच्या बहुतांश भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात म्हणून छापावा लागतो. गाबीत वाडीवरच्या मराठी पुस्तकासाठी, ज्याचे वारस बहुधा मराठीच दैनिक वाचत असतील, त्यासाठीसुद्धा हीच अट! मराठी दैनिकातील जाहिरात कायद्याने मागितलेली नाही. ती केवळ मराठीत भाषांतर करायचे असेल तर लागते. पूर्वी हे अर्ज कॉपीराइट मंडळापुढे चालत, नंतर बौद्धिक संपदा अपील मंडळापुढे गेले, आणि २०२१ मध्ये ते मंडळही रद्द झाल्यावर हा विषय वाणिज्यिक न्यायालयांकडे आला. वर्षाकाठी जेमतेम अनुदानावर चालणाऱ्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाने राष्ट्रीय इंग्रजी दैनिकात जाहिरात देऊन वाणिज्यिक न्यायालयात उभे राहावे, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही.

म्हणून माझा सल्ला असा की हयात असलेल्या वारसांची संमती लेखी घेण्याचा प्रयत्न आधी पूर्ण करावा. हक्क हस्तांतरित करून मागू नका, केवळ परवाना मागा. एकेका वारसाला स्वतंत्र पत्र पाठवा. लेखकांनी प्रकाशकाला हक्क कायमचे दिले होते का, हे पाहण्यासाठी जुना करार किंवा पत्रव्यवहार घरात कोणाकडे आहे का, याचीही चौकशी करा. हक्क प्रकाशकाकडे गेले असतील तर वारसांची संमती पुरेशी ठरणार नाही.


उत्तर | निवृत्त प्राध्यापक, दापोली

मुदतीमागचा हेतू काय, या आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो.

आपल्याकडे ६० हा आकडा कसा आला, हे पाहिले की बराच उलगडा होतो. १९५७ च्या कायद्यात मुदत मृत्यूनंतर ५० वर्षांचीच होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, म्हणून १९९१ अखेर त्यांचे साहित्य सर्वांसाठी खुले होणार होते. ते हक्क त्यांनीच स्थापलेल्या विश्वभारती या संस्थेकडे होते. मुदत संपत आली तेव्हा ती वाढवावी अशी मागणी झाली, आणि १९९१ च्या अगदी अखेरीस अध्यादेश काढून, नंतर १९९२ मध्ये कायदा करून ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली. वाढ केवळ रवींद्रनाथांपुरती झाली असती तर गोष्ट वेगळी होती, पण ती देशातील प्रत्येक भाषेतील प्रत्येक लेखकाला लागू झाली. आपल्या शिक्षक-लेखकांचे पुस्तक २०३३ अखेर खुले व्हायचे ते २०४३ वर गेले, त्याचे कारण हे आहे. पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या लेखकाला आणखी दहा वर्षे देऊन त्याच्याकडून एकही ओळ अधिक लिहून घेता येत नाही, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

तरीही हिशेब करून पाहावा. आज चाळिशीत असलेल्या लेखकाला असे सांगितले की तुझ्या पुस्तकापासून ८० वर्षांनी तुझ्या पणतवंडांना एक रुपया मिळेल, तर सात टक्के दराने त्या रुपयाची आजची किंमत अर्ध्या पैशाहूनही कमी भरते. एवढ्यासाठी कोणी लेखणी हाती धरील किंवा खाली ठेवील, असे मला वाटत नाही. वाचकांच्या बाजूचे नुकसान मात्र त्या शेवटच्या दशकांतच सर्वाधिक असते, कारण तोवर पुस्तक बाजारातून गेलेले असते, प्रकाशक बंद झालेला असतो आणि वारस पांगलेले असतात.

हा वाद जुना आहे. इंग्लंडच्या १७१० च्या कायद्यात मुदत १४ वर्षांची होती आणि लेखक हयात असल्यास आणखी १४ वर्षे मिळत. पुढे १८४१ मध्ये मृत्यूनंतर ६० वर्षांचा, म्हणजे नेमका आपल्या आजच्या मुदतीचा, प्रस्ताव तेथील संसदेपुढे आला. त्याला विरोध करणाऱ्यांत अग्रणी होता तो मेकॉले, जो आपल्याला भारतीय दंडसंहितेमुळे आणि १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे ठाऊक आहे. स्वामित्वहक्क म्हणजे लेखकाला बक्षिसी देण्यासाठी वाचकावर बसवलेला कर होय, असे त्याचे म्हणणे होते. आणि बक्षिसी योग्य असली तरी ती जितक्यात भागेल त्याहून कर एक दिवसही अधिक नसावा, असा त्याचा आग्रह होता. ५६ वर्षांपूर्वी वारलेल्या इंग्रज लेखक डॉक्टर जॉन्सनचे हक्क आज कोणा भलत्याच माणसाकडे असते, तर त्यातून जॉन्सनला जिवंतपणी काय मिळाले असते, असे त्याने सभागृहाला विचारले. तो प्रस्ताव पडला आणि १८४२ मध्ये ४२ वर्षे किंवा मृत्यूनंतर ७ वर्षे, यांतील जी जास्त असेल ती मुदत ठरली. मेकॉलेच्या शिक्षणविषयक मतांविषयी माझे मत अत्यंत प्रतिकूल आहे, परंतु हा युक्तिवाद आजही कोणी खोडून काढल्याचे मला दिसत नाही.

न्यायाचा आणखी एक पैलू आहे आणि मला तो सर्वांत जास्त खटकतो. मुदत मृत्यूपासून मोजली जात असल्यामुळे दीर्घायुषी लेखकाच्या पुस्तकाला जास्त आणि अल्पायुषी लेखकाच्या पुस्तकाला कमी संरक्षण मिळते. आमच्या दापोली तालुक्यातील मुर्डीचे श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली आली. पेंडसे २००७ मध्ये गेले. ती कादंबरी २०६७ अखेरपर्यंत, म्हणजे ११५ वर्षे बांधलेली राहील. वेंगुर्ल्याकडचे आरती प्रभू यांचा ‘जोगवा’ १९५९ चा आणि ते १९७६ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी गेले. त्यांच्या संग्रहाला ७७ वर्षे. ज्याच्या घरातला कर्ता अकाली गेला, त्या घराला आधाराची गरज अधिक. आणि कायदा देतो त्याच घराला कमी. वारसांचा सांभाळ हा या मुदतीचा हेतू असेल, तर हे गणित उलटे आहे.


उत्तर | लेखककन्या, सावंतवाडी

वरील तिन्ही लेखन लक्षपूर्वक वाचले. मी एका नाटककाराची मुलगी आहे आणि या चर्चेत वारसांचा उल्लेख केवळ अडचण म्हणून होत आहे, म्हणून लिहिणे आवश्यक वाटले.

माझे वडील १९७१ मध्ये गेले तेव्हा मी शाळेत होते आणि धाकटा भाऊ अजून शाळेतही गेला नव्हता. वडिलांच्या तीन-चार एकांकिका आणि एक मोठे नाटक हौशी मंडळे करीत. मुंबईतील गिरणगावात आमच्या भागातील चाकरमान्यांची मंडळे होती आणि कामगार नाट्यस्पर्धाही होत. प्रयोगाची परवानगी मागणारे कार्ड यायचे, आई पाटावर बसून उत्तर लिहायची आणि मागाहून प्रयोगाच्या मानधनाची मनीऑर्डर यायची. रकमा लहान होत्या, पण माझी शाळेची फी आणि भाताची रोपे लावण्याची मजुरी त्यांतून गेलेली मी पाहिली आहे. निधनाबरोबर हक्क संपला असता तर त्या वर्षांत आमचे काय झाले असते, ते मला सांगता येत नाही. म्हणून मृत्यूनंतर हक्क चालू राहण्याला ज्यांचा सरसकट विरोध आहे, त्यांच्याशी मी सहमत होणार नाही.

गावच्या देवळासाठी नाटक असेल तेव्हा आई पैसे घेत नसे. कायद्यातही तसेच आहे, हे मला खूप नंतर कळले: हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. जत्रेतील नाटकाचे हे अंग कायद्याने ओळखलेले आहे, याचे मला समाधान वाटते.

आता दुसरी बाजू. मनीऑर्डरी साधारण आम्ही भावंडे कमावती होईपर्यंत आल्या आणि मग थांबल्या, कारण गिरण्यांचा संप झाला, मंडळे मोडली आणि नाटकांची तऱ्हाही बदलली. हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे, पण त्याने आता आम्हाला काही मिळत नाही आणि आम्ही त्याची अपेक्षाही धरत नाही. वडिलांनी एक कादंबरीही लिहिली होती आणि तिचे सर्व हक्क त्यांनी घरातील आजारपणाच्या वेळी एकरकमी विकून टाकले. त्या कादंबरीच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या, त्यांचा एक पैसाही घरी आला नाही. त्या कादंबरीलाही तीच ६० वर्षे लागू आहेत. ती कोणासाठी चालू आहेत? आमच्यासाठी तर नाहीत. मुदत लांब असावी असे म्हणताना लेखकाच्या विधवेचे आणि मुलांचे नाव पुढे केले जाते, पण हक्क विकणाऱ्या गरजू लेखकाच्या घरात ती मुदत पोहोचतच नाही. २०१२ मध्ये चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार यांच्यासाठी जी तरतूद झाली, म्हणजे रॉयल्टीचा त्यांचा वाटा वारसांखेरीज किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या हक्कसंस्थेखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही, तशी पुस्तकांच्या लेखकांसाठी झाली असती, तर मुदत निम्मी करूनही आमच्यासारख्या घरांचे भलेच झाले असते.

माझे मत विचाराल तर, जोडीदार हयात असेपर्यंत आणि धाकटे अपत्य कमावते होईपर्यंत हक्क राहावा. त्यासाठी २५ किंवा ३० वर्षे पुरतात. मात्र एक भीती आहे. हक्क संपला की वडिलांच्या नाटकात कोणी वाटेल ते प्रवेश घुसवील आणि त्यांचे नाव तसेच ठेवील. पैशाहून मला याची काळजी अधिक आहे.


उत्तर | वकील, रत्नागिरी

बाईंच्या काळजीबद्दल लगेच लिहितो. कलम ५७ मधील लेखकाचे विशेष हक्क हे स्वामित्वहक्कापासून वेगळे आहेत. लेखनाचे विकृतीकरण किंवा मोडतोड होऊन लेखकाच्या नावलौकिकाला बाध येत असेल, तर त्याविरुद्ध दाद मागता येते आणि हक्क विकले असले तरीही हा अधिकार उरतो. हे कृत्य स्वामित्वहक्काच्या मुदतीतच झालेले असावे, अशी पूर्वी अट होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. त्यामुळे २०३१ नंतरही आपण वडिलांच्या नाटकाचे रक्षण करू शकाल. नाव जपणे आणि छपाई रोखणे या दोन गोष्टी कायद्याने निराळ्या केल्या आहेत, आणि मुदत कमी करण्याच्या बाजूने हे एक महत्त्वाचे कारण आहे असे मी मानतो.


उत्तर | मुद्रक, चिपळूण

माझा छापखाना आहे, आणि पुस्तके खुली झाली की प्रत्यक्षात काय होते ते जवळून पाहिले आहे.

साने गुरुजी येथून जवळच्या पालगडचे. ते जून १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून खुले झाले. १९९२ ची वाढ नसती तर ते २००१ मध्येच झाले असते. खुले होताच ‘श्यामची आई’च्या निरनिराळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या बाजारात आल्या. आज ती अगदी स्वस्तात मिळते, शाळांच्या बक्षीस समारंभांत गठ्ठ्यांनी वाटली जाते आणि ज्या घरांत दुसरे पुस्तक नाही तेथेही पोहोचली आहे. हे चांगले झाले, यात शंका नाही. परंतु मी अशाही प्रती हाताळल्या आहेत ज्यांत मुद्रितशोधनाचा पत्ता नाही, परिच्छेद गाळले आहेत आणि गाळल्याचे कोठेही सांगितलेले नाही. मुले तेच मूळ पुस्तक समजून वाचतात. खुल्या झालेल्या साहित्याची एक प्रमाण प्रत सरकारने किंवा विद्यापीठाने सर्वांसाठी उपलब्ध करावी, एवढे तरी व्हायला हवे.

दुसरी गोष्ट ग्रंथमित्रांना थोडी कडू वाटेल. हक्क संपल्याने खपणारी पुस्तके अधिक छापली जातात. विसरलेली पुस्तके आपोआप छापली जात नाहीत. आपले रापणीचे पुस्तक उद्या खुले झाले तरी कोणताही व्यावसायिक प्रकाशक ते हाती घेणार नाही. ते छापायला आपल्यासारखे कोणी तरी लागेल. पूर्वी तेही शक्य नव्हते, कारण ऑफसेटला प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च पन्नास प्रतींना आणि हजार प्रतींना सारखाच येई. आता डिजिटल छपाईत तीस-चाळीस प्रतीही परवडतात. म्हणजे जेव्हा अशी पुस्तके वाचवणे पैशाच्या दृष्टीने शक्य झाले, त्याच काळात कायद्याने त्यांची मुदत वाढवून ठेवली, आणि मला अन्याय दिसतो तो येथे.

आणि एकच प्रत असण्याचा धोका काय, ते चिपळूणकरांना विचारावे. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पुराचे पाणी शिरले. ओल्या पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटून वीट होते आणि ती सोडवायला गेले की अक्षरे समोरच्या पानावर निघून येतात. ज्या पुस्तकाची प्रत अन्यत्र होती ते पुन्हा मिळवता आले. ज्याची नव्हती ते गेले. म्हणून वकीलसाहेबांनी सांगितलेल्या तीन प्रती काढाच. त्या एकाच कपाटात न ठेवता, डिजिटल फाइलची प्रतही दुसऱ्या इमारतीत ठेवा.


उत्तर | निवृत्त प्राध्यापक, दापोली

मुद्रक महोदयांचे म्हणणे मला पटते आणि त्यातूनच एक मार्ग सुचतो. खपणारे पुस्तक आणि विसरलेले पुस्तक यांना एकच मुदत लावणे, हे दुखण्याचे मूळ आहे. अमेरिकेत जुन्या कायद्यानुसार पहिली मुदत २८ वर्षांची होती आणि पुढची मुदत हवी असल्यास नोंदणीचे नूतनीकरण करावे लागे. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाहणी केली तेव्हा केवळ सुमारे १५ टक्के हक्कांचे नूतनीकरण होत असल्याचे आढळले. बाकीच्यांच्या मालकांनाच तो हक्क पुढे नको होता. तेथेही पुढे ती पद्धत मोडली आणि १९९८ मध्ये मुदत मृत्यूनंतर ७० वर्षांवर नेली, हे दुर्दैव.

आपल्याकडे असे म्हणता येईल की पहिली ३० वर्षे सर्वांना, आणि त्यापुढे ज्याला हवे त्याने नाममात्र शुल्क भरून दर दहा वर्षांनी आपला हक्क नाव-पत्त्यासह नोंदवावा. बाईंच्या नाटकासारख्या कृतींचे संरक्षण त्यात राहते आणि रापणीच्या पुस्तकासारखी पुस्तके मोकळी होतात. नोंद झाल्यामुळे परवानगी कोणाकडे मागायची हेही कळते. नवजीवन ट्रस्टने महात्मा गांधींच्या साहित्यावरील हक्क २००८ अखेर संपू दिला आणि मुदतवाढ मागितली नाही. ज्याला सोडायचे त्याने सोडावे आणि ज्याला ठेवायचे त्याने सांगावे, एवढीच अपेक्षा आहे. वकील महोदयांना विचारतो: आंतरराष्ट्रीय करारांमुळे हे अशक्य आहे का?


उत्तर | वकील, रत्नागिरी

स्वामित्वहक्काविषयीचा आंतरराष्ट्रीय बर्न करार आणि जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार यांनी मृत्यूनंतर किमान ५० वर्षांची मुदत घातली आहे, आणि हक्क मिळण्यासाठी नोंदणीची अट घालायला बर्न करारात मनाई आहे. पण दोन वाटा शिल्लक राहतात. आपण ५० च्या वर दिलेली दहा वर्षे पूर्णपणे आपली आहेत. ती उद्या काढून टाकली किंवा नोंदणीवर अवलंबून ठेवली, तरी करारभंग होत नाही. शिवाय या करारांचे बंधन मुख्यतः परदेशी लेखकांच्या कृतींबाबत आहे. आपल्याच देशात प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखकांच्या कृतींना काय नियम लावावा, हे बर्न करार त्या देशावर सोपवतो. म्हणूनच अमेरिकेत दावा लावण्यापूर्वी नोंदणीची अट अमेरिकी कृतींना आहे, परदेशी कृतींना नाही. प्राध्यापक महोदयांची सूचना मराठी पुस्तकांपुरती तरी अमलात येण्यासारखी आहे. तिला संसदेची इच्छा लागेल, करारांची फेररचना लागणार नाही.

त्याहून लहान आणि लवकर होण्यासारखी सुधारणा म्हणजे कलम ३१-क मधील जाहिरात पुस्तकाच्या भाषेतील दैनिकात देण्याची मुभा आणि सार्वजनिक ग्रंथालयांचे अर्ज जिल्हा पातळीवर स्वीकारण्याची सोय. याची मागणी ग्रंथालय संघांनी करावी.


प्रश्नकर्त्यांचे उत्तर | ग्रंथमित्र, मालवण तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्यकारिणीच्या बैठकीत तुमची उत्तरे वाचून दाखवली आणि पुढीलप्रमाणे ठरले.

पुस्तकाचे स्कॅनिंग याच महिन्यात करायचे. भरती-ओहोटीच्या तक्त्याचे चार तुकडे आधी जपानी टिश्यू कागदाने जोडून घ्यायचे आणि मग त्याचे छायाचित्र काढायचे. कायद्याने मिळणाऱ्या तीन प्रती चिपळूणला डिजिटल पद्धतीने छापून घ्यायच्या, आणि फाइलची एक प्रत आमच्या इमारतीबाहेर, दुसऱ्या गावातील सभासदाकडे ठेवायची.

वारसांपैकी ज्या नातवाचा पत्ता लागला आहे त्यांनी आपल्या मुंबईच्या चुलत बहिणीचा आणि बडोद्याच्या आत्याचा पत्ता दिला. परदेशातील दोघांना त्यांच्यामार्फत ईमेल जाईल. त्यांच्या माळ्यावरील ट्रंकेत प्रकाशकाची जुनी पत्रे आहेत, ती गणपतीला सगळे घरी येतील तेव्हा काढून पाहू, असे त्यांनी आपणहून सांगितले. करार हाती आला की हक्क कुटुंबाकडे होता की प्रकाशकाकडे, हे कळेल.

लेखककन्यांनी लिहिलेले वाचल्यावर पत्रात आणखी एक वाक्य घालण्याचे ठरले. छापील प्रतींतून खर्च वजा जाता काही उरले, तर ते कुटुंबाला द्यावे, आणि पुस्तकाच्या मजकुरात वारसांना न विचारता एका शब्दाचाही बदल करू नये. पत्राचा मसुदा उद्या येथे ठेवतो. परवान्याची मुदत, इंटरनेटवर ठेवण्याची स्पष्ट परवानगी आणि एखाद्या वारसाने उत्तरच दिले नाही तर काय, या तीन कलमांची भाषा वकील महोदयांनी तपासून द्यावी, अशी विनंती आहे.